बाळाच्या नाळेतलं रक्त साठवावं का? कॅथलिक कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातव्या महिन्याच्या तपासणीला गेलं की हल्ली फाइलमध्ये एक गुळगुळीत माहितीपत्रकही येतं. आठवड्याभरात फोन येतो: "मॅडम, बाळाच्या स्टेम सेलचं काय ठरवलंत? ही संधी आयुष्यात एकदाच मिळते." वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) विवाहपूर्व शिबिरात मी आरोग्याचा तास घेते. तास संपला की चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास थांबतं आणि हाच विषय काढतं. काहींना वाटतं हे सगळं चर्चच्या शिकवणीविरुद्ध आहे. काहींना वाटतं, रक्त साठवलं नाही तर आपण आपल्याच बाळाचे गुन्हेगार ठरू. दोन्ही समज चुकीचे आहेत. म्हणून इतक्या वर्षांत विचारले गेलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

नाळेतलं रक्त म्हणजे नेमकं काय घेतात?

बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेत (प्लॅसेंटात) आणि नाळेच्या उरलेल्या भागात थोडं रक्त शिल्लक राहतं, साधारण ५० ते १०० मिलिलिटर. एरवी ते वारेबरोबर फेकलं जातं. त्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात, म्हणजे आपल्या अस्थिमज्जेत असतात तशाच. पिशवीत रक्त गोळा करतात, प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या काढतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. रक्त गोळा करताना आईला किंवा बाळाला सुई टोचत नाहीत.

या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. रुग्ण होता फॅनकोनी ॲनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेला पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा आणि रक्त होतं त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथं आहे. पहिल्याच वेळी एका बाळाचं रक्त दुसऱ्याच्या उपयोगी पडलं होतं.

चर्चने याला मनाई केली आहे का?

नाही. उलट स्पष्ट परवानगी आहे.

१९८७ साली व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने 'डोनुम विटे' हे जीवनाच्या आदराविषयीचं मार्गदर्शन दिलं, तेव्हा नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण व्हायचं होतं, त्यामुळे त्यात हा विषय नाही. तो आला पुढच्या दस्तऐवजात, 'डिग्निटास पर्सोने'मध्ये. त्यावर तारीख आहे ८ सप्टेंबर २००८, म्हणजे पवित्र मारियेच्या जन्माचा सण, ज्याच्या आसपास वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. त्याच्या ३२ व्या परिच्छेदात मूळपेशी कुठून घेतल्या तर चालतील हे सांगितलं आहे. निकष एकच: ज्याच्यापासून पेशी घेतल्या त्याला गंभीर इजा होता कामा नये. या निकषात बसणारे स्रोत म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीरातले ऊतक, जन्माच्या वेळचं नाळेतलं रक्त, आणि नैसर्गिक कारणाने मरण पावलेले गर्भ. जिवंत भ्रूणातून पेशी काढल्या की भ्रूण मरतो, म्हणून ते गंभीर पाप मानलं आहे.

पण 'स्टेम सेल' म्हटलं की गर्भपात आलाच ना?

हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. २००० च्या आसपास जगभर मूळपेशींवरून वाद पेटला तो भ्रूणांच्या पेशींवरून. २००० च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक पाँटिफिकल अकॅडमीने निवेदन काढून भ्रूण मारून पेशी घेण्याला ठाम विरोध केला. आपल्या लोकांच्या कानावर 'चर्चचा स्टेम सेलला विरोध' एवढंच आलं आणि तेच मनात बसलं. त्याच निवेदनात नाळेच्या रक्तासारख्या इतर स्रोतांकडे वळा असं संशोधकांना सुचवलं होतं, ते फारसं कुणापर्यंत पोचलं नाही.

फरक साधा आहे. भ्रूणाच्या पेशी घेताना एक जीव संपतो. नाळेतलं रक्त घेताना बाळ आईच्या छातीशी रडत असतं.

रोममधलं जेमेल्ली रुग्णालय कॅथलिक विद्यापीठाचं आहे, पोपमहोदय आजारी पडले की तिथंच दाखल होतात. त्या रुग्णालयात नाळेच्या रक्ताची बँक आहे. कुणी तुम्हाला 'हे चर्चला मान्य नाही' असं सांगितलं, तर एवढं उदाहरण पुरे.

मग बाळाचं रक्त साठवणं हे आईबापाचं कर्तव्य आहे का?

नाही. कॅथलिक नीतिशास्त्रात आरोग्याच्या साधनांमध्ये फार जुना भेद आहे, आणि पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना तो पुन्हा मांडला: जीवन आणि आरोग्य जपण्यासाठी माणूस सर्वसाधारण साधनं वापरायला बांधील आहे. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठं ओझं टाकणारी साधनं वापरायची सक्ती त्याच्यावर नाही. निरोगी बाळाचं रक्त वीस-एकवीस किंवा पंचाहत्तर वर्षांसाठी गोठवणं हे कुठल्याही मापाने सर्वसाधारण साधन ठरत नाही.

बाळाचं लसीकरण, आईचं दूध, वेळेवर स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), घरात तंटा नसणं, ही कर्तव्यं. दोन पगारांत घर चालवणाऱ्या, वसई ते चर्चगेट रोज लोकलने ये-जा करणाऱ्या नवऱ्याने या पिशवीसाठी कर्ज काढावं असं चर्च कधीच सांगणार नाही.

जाहिरातीत म्हणतात 'बाळाचा जैविक विमा'. हे कितपत खरं?

इथं मी जरा थांबणार आहे, कारण भीती दाखवून पैसे काढले जातात ते इथंच.

बाळाचं स्वतःचं रक्त त्याच बाळाला लागण्याची शक्यता फार कमी असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ साली ठिकठिकाणचे अंदाज एकत्र दिले, ते १,००० मध्ये १ पासून २,००,००० मध्ये १ पेक्षाही कमी असे पसरलेले होते, आणि केवळ 'विमा' म्हणून खासगी साठवण करू नये असा सल्ला दिला. २०१७ साली अकादमीने हीच भूमिका पुन्हा घेतली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही भविष्यातल्या स्वतःच्या वापरासाठी नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१८ चं निवेदनही त्याच दिशेचं आहे.

कारणं समजून घ्या. थॅलेसेमिया, सिकलसेलसारखे रक्ताचे आजार जनुकातून येतात. बाळाला तो आजार असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. त्याच पेशी परत देऊन आजार कसा जाणार? ल्युकेमियात स्वतःच्या नाळेच्या पेशी सहसा वापरत नाहीत, कारण पुढे कॅन्सर घडवणारे बदल कधी कधी जन्मतःच त्यांत असू शकतात आणि परक्या पेशी कॅन्सरवर जो हल्ला करतात तो स्वतःच्या पेशी करत नाहीत. शिवाय एका पिशवीतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा अपुऱ्या पडतात. साठाव्या वर्षी आजोबा झालेल्या त्या बाळाला ही पिशवी वाचवेल, हे चित्र माहितीपत्रकात शोभतं. प्रत्यक्षात त्याला आधार नाही.

माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मलाही असा फोन आला होता. 'उद्या काही झालं तर स्वतःला माफ करू शकाल का?' हे वाक्य पलीकडून आलं आणि आठव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवून मी रडले. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या प्रश्नात वैद्यकशास्त्र औषधालाही नव्हतं.

तरीही खासगी बँकेत साठवलं तर पाप आहे का?

'डिग्निटास पर्सोने'मध्ये खासगी बँक (पैसे भरून आपल्यापुरतं रक्त ठेवायची) आणि सार्वजनिक बँक (दान केलेलं रक्त कुणाही गरजूला देणारी) असा भेद केलेला नाही. त्यामुळे पैसे भरून साठवणाऱ्या आईबापांनी पाप केलं असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, मला तर नाहीच. त्यांचा हेतू मुलाच्या भल्याचा असतो.

पण पाप नाही एवढ्याने प्रश्न सुटत नाही. चर्चची सामाजिक शिकवण आपल्याला आणखी दोन प्रश्न विचारायला लावते. पहिला: जे कुणा आजारी लेकराला आज उपयोगी पडू शकतं, ते आपण बहुधा कधीच न लागणाऱ्या कारणासाठी कुलूपबंद करतो आहोत का? लूककृत शुभवर्तमानात धान्य मावेना म्हणून मोठी कोठारं बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट आहे. ती नाळेच्या रक्ताबद्दल नाही हे मलाही कळतं, पण हा विषय निघाला की मला ती आठवते. दुसरा: जिथं पैसेवाल्याचंच रक्त साठतं, तिथं पालघरच्या पाड्यावरच्या सिकलसेलग्रस्त पोराला काय मिळतं?

इटलीने या प्रश्नाचं उत्तर कायद्यात दिलं. तिथं देशात फक्त सार्वजनिक बँका आहेत. घरात आजारी व्यक्ती असेल किंवा वैद्यकीय कारण असेल तर त्या कुटुंबासाठी रक्त राखून ठेवतात, केवळ 'असू द्यावं' म्हणून देशातल्या बँकेत ठेवता येत नाही. मला हा मार्ग कॅथलिक विचाराच्या जास्त जवळचा वाटतो. हे माझं मत आहे, चर्चचा आदेश म्हणून कुणाला सांगू नका.

घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल आहे. पुढच्या बाळाचं रक्त साठवावं का?

हो. इथं माझा सूर पूर्ण बदलतो. पॅरिसच्या त्या पहिल्या प्रत्यारोपणासारखीच ही परिस्थिती आहे. मोठं मूल प्रत्यारोपणाने बरं होण्यासारख्या आजाराचं असेल तर पुढच्या बाळाचं रक्त घरासाठी राखून ठेवा, असं आयसीएमआरही सांगते. नैतिकदृष्ट्या हे भावंडाने भावंडाला दिलेलं दान आहे, आणि दान देणाऱ्याला त्यात काही गमवावं लागत नाही.

हिशेब मात्र डोळसपणे करा. सख्ख्या भावंडाची एचएलए जुळणी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी लागणारी ऊतकांची जुळणी, पूर्ण होण्याची शक्यता चारात एक असते. आईवडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण जनुकात दोष असलेले) असतील तर पुढच्या बाळालाही तो आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे बाळ आजारमुक्तही असेल आणि जुळेलही, याची शक्यता १६ पैकी ३. ही आशा खरी आहे, पण तिला खात्री समजू नका. ज्या रुग्णालयात मोठ्या मुलावर उपचार चालू आहेत, तिथल्या रक्तविकारतज्ज्ञांशी प्रसूतीच्या आधीच बोलून ठेवा.

शिबिरात मी दरवर्षी हेही सांगते: लग्नाआधी दोघांचीही थॅलेसेमिया वाहकाची रक्ततपासणी करून घ्या. खर्च त्या गोठवलेल्या पिशवीच्या तुलनेत नगण्य, आणि चर्चची त्याला काहीच हरकत नाही.

मग मोठ्या मुलाला वाचवण्यासाठीच दुसरं मूल होऊ दिलं तर?

२००० साली अमेरिकेत असं घडलं. फॅनकोनी ॲनिमिया झालेल्या मुलीसाठी आईवडिलांनी प्रयोगशाळेत अनेक भ्रूण तयार करवून घेतले, तपासून जुळणारा निवडला, त्यातून मुलगा जन्मला आणि त्याच्या नाळेतल्या रक्ताने बहीण वाचली. त्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवलं की पोटात कालवतं. पण चर्च या मार्गाला नाही म्हणतं. प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेवर 'डोनुम विटे' आणि 'डिग्निटास पर्सोने' या दोन्हींचा, आणि रोपणाआधी भ्रूणांच्या चाळणीवर 'डिग्निटास पर्सोने'चा स्पष्ट आक्षेप आहे. जे भ्रूण जुळले नाहीत, तेही त्या मुलीची भावंडंच होती.

जन्मलेल्या मुलाच्या प्रतिष्ठेत याने तसूभरही फरक पडत नाही, हे विसरू नका.

नैसर्गिक मार्गाने आणखी एका बाळाची इच्छा धरणं आणि 'देवाने दिलं तर मोठ्यालाही उपयोग होईल' अशी आशा मनात ठेवणं यात काही गैर नाही. कसोटी एवढीच: हे बाळ जुळलं नाही, किंवा त्यालाही आजार निघाला, तरी आपण त्याला तितक्याच आनंदाने घरी नेणार आहोत का? गर्भात असताना तपासणी केली आणि जुळत नाही म्हणून गर्भ काढला, तर मात्र ते गर्भपाताचंच पाप आहे.

रक्त गोळा करायचं म्हणून नाळ लवकर कापतात असं ऐकलं. खरं का?

याबद्दल फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते सगळ्यांनी विचारायला हवं.

जन्मानंतर नाळ काही वेळ धडधडत राहते आणि वारेतलं रक्त बाळाकडे येत राहतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ किमान एक मिनिट तरी कापू नये, एक ते तीन मिनिटं थांबावं. तेवढ्या वेळात साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला मिळतं आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात हे लोह सोन्याच्या मोलाचं आहे.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. पिशवीत जाणारं रक्त आणि बाळाच्या अंगात जाणारं रक्त एकच आहे. पिशवी भरावी म्हणून कुणी घाईने चिमटा लावला, तर जे बाळाला त्याच क्षणी हवं होतं ते आपण त्याच्यापासून काढून घेतलं. चर्चचा निकष आठवा: ज्याच्यापासून पेशी घेतो त्याला गंभीर इजा नको. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत याला गंभीर इजा म्हणता येणार नाही. अशक्त किंवा आधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मी पैज लावणार नाही. दान असो वा साठवण, डॉक्टरांना आधीच सांगा: "आधी बाळाचं होऊ द्या, मग उरलं तर घ्या." थांबून घेतलेलं रक्त कमी भरतं आणि कधी कधी साठवण्याइतकं उरतच नाही. नाही उरलं तर नाही.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यावर याचा उपयोग होतो असं सांगतात...

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा बाकी कुठलाही वापर नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखो रुपये मागून इंजेक्शन देत असेल तर तिथून उठा. अपंग लेकराच्या आईच्या आशेवर पैसे उकळणं हा माझ्या लेखी मोठा अधर्म आहे.

रक्त दान करायचं असेल तर?

कॅथलिक शिकवणीला सगळ्यात जवळचा मार्ग हाच. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२९६ वा परिच्छेद अवयवदानाला उदात्त कृत्य म्हणतो, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'इव्हांजेलिउम विटे'मध्ये त्याला रोजच्या जगण्यातलं शौर्य म्हटलं. नाळेच्या रक्ताच्या दानात तर दात्याला टाकाही पडत नाही.

अडचण आपल्याकडची आहे. न्यूयॉर्क ब्लड सेंटरने १९९२ साली सार्वजनिक बँकेचा पाया घातला. भारतात सार्वजनिक साठा फार तोकडा राहिला आणि खासगी बँका फोफावल्या. तुमच्या रुग्णालयाचा सार्वजनिक बँकेशी करार आहे का, हे विचारून बघा. बहुतेकदा 'नाही' असंच उत्तर येईल, म्हणून खंत करू नका. नवरा-बायको दोघंही 'दात्री'सारख्या मूळपेशीदात्यांच्या नोंदणीत नाव घालू शकता. गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात, बस. आमच्या शिबिरातल्या तरुण जोडप्यांना मी हेच सुचवते.

'सामूहिक बँक' हा नवा प्रकार ठीक आहे का?

यात पैसे भरणाऱ्यांचे साठे सगळ्या सभासदांसाठी खुले असतात. एकट्याच्या कुलपापेक्षा हे बरं. पण दार सभासदांपुरतंच उघडं आहे, हे दान नव्हे. करारात आपलं रक्त दुसऱ्याला गेल्यावर काय, कंपनी बंद पडली तर काय, हे वाचा.

नाळेतलं रक्त विकता येईल का?

नाही. मानवी शरीराचा कुठलाही भाग व्यापाराची वस्तू नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत अवयवांबाबत ठणकावून सांगितलं. साठवणुकीचा, तपासणीचा खर्च घेणं वेगळं.

आमच्याकडे नाळ पुरायची पद्धत होती. तिचं काय?

जुन्या सुईणी वार आणि नाळ घराजवळ पुरत. म्हणून तर आपण म्हणतो, 'माझी नाळ इथंच पुरली आहे.' चर्चचा यावर काही नियम नाही. रक्त काढून घेतल्यावरही वार मागून घेता येते, रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत बसलं तर.

आम्ही आधीच पैसे भरले आहेत. आता काय करू?

मनाला लावून घेऊ नका. पापनिवेदनात सांगण्यासारखं हे काही नाही. करार पुन्हा वाचा: रक्त दुसऱ्या रुग्णासाठी द्यायची मुभा आहे का, नको झालं तर ते संशोधनाला जातं का, आणि कुठल्या संशोधनाला. भ्रूणांचा बळी जाणाऱ्या संशोधनाला आपलं रक्त जाऊ नये असं लिहून देण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कुणाला विचारावं?

वैद्यकीय शंका प्रसूतितज्ज्ञांना, आणि घरात रक्ताचा आजार असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना. बँकेच्या प्रतिनिधीचं ऐकून घ्या, पण निर्णय त्याच्यासमोर घेऊ नका. नैतिक शंका असेल तर फादरांशी बोला. फादरांनाही अडचण वाटली तर गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीच्या आवारात कॅथलिक डॉक्टरांच्या संघटनेचं बायोमेडिकल एथिक्स सेंटर आहे, तिथं असेच प्रश्न हाताळतात.

आणि एक. संमतीपत्रकावर सही करायची असेल तर ती आठव्या महिन्यात, घरी, दिव्याखाली बसून, दोघांनी मिळून वाचून करा. कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कागदावर सही करायला बाईने बिनदिक्कत नकार द्यावा.